डाव्या हाताची मूठ

३ ऑगस्ट, रवि.
सकाळी अकरा वीसला नेमबाजीच्या रेंजवर मी मागं वळलो. तेवढंच झालं आणि सगळं बदललं. हातात पिस्तूल होतं, छर्रा भरलेला होता, आणि मी वळलो. माझ्याबरोबर नळीपण वळली. आधी भिंत, मग पाण्याचा जार, मग सा.
सर ओरडले, "बॅरल!"
सगळी रेंज गार. सा. खुर्चीत बसलेली, डावा हात पुढं, हातात कसला तरी पांढरा गोळा. समोर निखिल, तिचं मनगट धरून. "दाब, अजून जोरात दाब," असं तो म्हणत होता आणि ती हसत होती. मी ते बघायला वळलो होतो.
नेम धरला नव्हता. शप्पथ. पण सा.चं हसू तोंडावरच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं.
सरांनी माझ्या हातातलं पिस्तूल काढून खाली ठेवलं. एकच शब्द, "बाहेर." मी असं दार आपटलं की आतला स्कोअरचा फळा पडल्याचा आवाज जिन्यात आला.
आजचा स्कोअर: नाही.

४ ऑगस्ट, सोम.
सरांचा नियम, प्रत्येकानं रोज वही लिहायची. स्कोअर, झोप, डोक्यात काय होतं ते. दीड वर्ष लिहितोय. आता रेंजच नाही तर वही कशाला? तरी लिहितोय.
दुपारी सरांचा फोन. सहा महिने फायरिंग लाइनवर पाय ठेवायचा नाही.
मी म्हटलं, "सर, तो निखिल..."
"तो कोण, हा प्रश्नच नाही. तू कुठं बघत होतास हा पण नाही. नळी कुठं बघत होती?"
फौजेत बावीस वर्षं काढलेला माणूस. आवाज चढवत नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.
आईला सांगितलं रेंजला सुट्टी आहे. आबा दूध संकलनावरून आले, काही बोलले नाहीत. कॉलेज सोडलं तेव्हापण बोलले नव्हते. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. लेक्चर सकाळी, सा. पण रेंजवर सकाळी. घरी सांगितलं खेळात करिअर करतो. अर्धं खरं होतं.

७ ऑगस्ट, गुरु.
सा.ला 'सॉरी' पाठवलं. एक टिक. अजून एकच टिक.
(पूर्ण नाव लिहीत नाही. ताई माहेरी आली की वह्या चाळते.)

९ ऑगस्ट, शनि.
आता लिहूनच टाकतो, कुणाला तरी माहीत पाहिजे.
पिस्तूल येतंय. परदेशी, दहा मीटरच्या नेमबाजीचं, मूठ खास माप देऊन घडवलेली. अक्रोडाचं लाकूड. एप्रिलमध्ये पुण्याच्या डीलरकडं सांगितलं, माझी बुलेट गाडी विकून. रेंजवर सगळ्यांना वाटतं माझ्यासाठी. सर म्हणाले होते, "अजून एवढ्या भारीची गरज नाही तुला." बरोबर होतं. माझ्यासाठी नव्हतंच.
मूठ डाव्या हाताची आहे.
सा. डावरी. क्लबची चारही पिस्तुलं उजव्या हाताची. ती तशीच डाव्या हातात धरते, अंगठ्याच्या बुडाला लाकडाची कड रुतते. तासाभरानं लाल वळ. तरी माझ्यापेक्षा पाच-सहा गुणांनी पुढं. वळ चोळत बसते आणि कुणी बघितलं की हात मागं घेते. मी बघायचो.
माप कुठून आणलं? नवीन कोणी आलं की सर त्याचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिल फिरवतात, फायलीला लावतात. मार्चमध्ये सर चहाला खाली गेले होते. मी फाइल उघडली. तिचा कागद काढला, घडी घातली, खिशात. वाटलं, केवढं भारी सरप्राइज.
कागद अजून माझ्याकडं आहे. ह्याच वहीत, मागच्या कव्हरात. पेन्सिलीची रेघ करंगळीपाशी जरा थरथरलीय. गुदगुल्या झाल्या असणार.

२४ ऑगस्ट, रवि.
आमच्या कळसवरनं बारामतीला गेलो. रेंज मंगल कार्यालयाच्या वर, समोर चहाची टपरी. दोन तास बसलो. दहाला तिची स्कूटी आली. मला बघितलं. गाडी लावली, हेल्मेट न काढता जिना चढून गेली.
टपरीवाला म्हणाला, "चौथा चहा हाय. वर जायाचं न्हाय का आज?"
"पाय दुखतोय."
"मग हितं कशाला आलायस कळसवरनं?"
त्याच्यावरच खेकसलो. नंतर लाज वाटली. सगळं नंतर वाटतं मला.

९ सप्टें., मंगळ.
आलं.
पुण्यावरनं येस्टीत मांडीवर घेऊन आलो. निळी पेटी, आत कापलेला फोम, त्यात ते. लाकडाला तेलाचा वास. मुठीवर बारीक टोचे मारलेत, घाम आला तरी निसटू नये म्हणून. असली वस्तू मी आयुष्यात हातात धरली नव्हती.
धरली म्हणजे, धरता आली नाही. डाव्या हातात घेतलं तर माझी बोटं तिच्या बोटांच्या जागी मावत नाहीत. एकेक खाच तिची. ती नाही, पण तिचा हात घरात आलाय असं वाटलं. वेड्यासारखा बराच वेळ नुसता बसलो.
तोवर गावभर झालं, "आबाच्या पोरानं पिस्तूल आणलंय." संध्याकाळी पोलीसपाटील काका दारात.
"कागद दाखव बाबा. उगा माज्या डोक्याला ताप नको."
पावती दाखवली. हवेवर चालतं, खेळाचं आहे, लायसन लागत नाही. ते निरखून म्हणाले, "मग यवढ्या पैशाची बंदूक अन् चिमणी बी मरत न्हाय व्हय?"
मागं पिंट्या उभाच. माझा शाळेपासूनचा. "भावा, माझ्या वाढदिवसाला एक फोटो. फ्लेक्सवर. हातात नुसतं असं..."
त्याला बोळातनं हाकललं.
आबा म्हणाले, "आण, बघू." मी द्यायला हात पुढं केला तर आई आतनं ओरडली, "हातात दिऊ नगं! खाली ठेव." तिचं नेहमीचं. विळी असो, कोयता असो. हत्यार हातात द्यायचं नाही, द्वेष वाढतो. खाली ठेवायचं, ज्याला पाहिजे त्यानं उचलायचं. मी हसलो. "आई, हे कागदाला भोकं पाडतंय नुसतं."
"मग तर खालीच ठेव," म्हणाली. ह्याला काय अर्थ?

१४ सप्टें., रवि.
लिहायचं नव्हतं. लिहितो.
रेंजच्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो पेटी घेऊन. ती सव्वाअकराला खाली आली. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. तिथंच फुटपाथवर पेटी उघडली आणि पिस्तूल तिच्यापुढं धरलं. भर रस्त्यात. हातात.
टपरीवाला ओरडला, "आरं, आत घ्या ते! मानसं बगत्यात!" दोन पोरं मोबाइल काढून उभी.
सा. पांढरी पडली. तरी म्हणाली, "हे काय?"
"तुझ्यासाठी. डाव्या हाताचं. घेऊन बघ ना."
तिनं घेतलं. का घेतलं माहीत नाही, रस्त्यातला तमाशा संपावा म्हणून असेल. नळी जमिनीकडं, ते तिला सांगावं लागत नाही. मूठ आवळली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, पाच महिने त्या एका मिनिटासाठी काढले होते.
अंगठा बसला. तीन बोटं बसली. करंगळी बाहेर, लटकत.
तिनं मुठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे कागदावरनं केलंय. सरांच्या फायलीतला माझा कागद हरवलाय, मार्चपासून."
मी पेटीचं झाकण चाचपलं.
"कुणाला विचारून घेतलास?"
"सरप्राइज..."
"त्या दिवशी तू नळी फिरवलीस, मी घाबरले. पण ते तुझ्या हातनं झालं होतं. हे तू केलंस. सहा महिने माझा हात तुझ्या घरात आणि मला माहीतच नाही. मला ह्याची जास्त भीती वाटते."
पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटी पायरीवर. गेली.
मी काय बोललो माहितीय? मागनं ओरडलो, "बुलेट विकली मी तुझ्यासाठी!" सगळ्यांसमोर. तेच वाक्य. ते एक जरी परत घेता आलं असतं.

१५ सप्टें.
काही नाही.

१९ सप्टें., शुक्र.
'ते तुझ्या हातनं झालं होतं. हे तू केलंस.' जेवताना, डेअरीवर कॅन लावताना, सारखं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
आईनं पाटावर सगळं मांडलं. कोयता, कुऱ्हाड, विळी, आबांचा फॅट मोजायचा डबा, आज्याची लोकर कातरायची कात्री. मेंढरं गेली, कात्री आहे. आणि शेवटी माझी निळी पेटी, उघडून. पिस्तुलाला हळदकुंकू.
शेजारी तिचं खुरपं. मूठ फुटलेली, वर चिंधी गुंडाळलेली.
"नवं का नाही घेत?"
"पातं चांगलं हाय की. मूठच गेलीया."
किती वर्षं चिंधीवर चाललंय विचारलं. म्हणाली, तू दहावीला हुतास तवापासनं. मी त्याच रानात रोज जातो आणि मला दिसलं नाही. लाल वळ मात्र बारामतीत जाऊन दिसला.

५ ऑक्टो., रवि.
पिंट्या म्हणाला, मूठ बदलून घे, वस्तू कशाला फुकट घालवतोस. इंदापूरला बाजाराच्या मागं सुतार आहेत, तात्या. खुरप्याच्या, विळ्याच्या मुठी करतात. माणसाच्या मापाच्या. बायका लांबलांबनं येतात.
म्हटलं जाऊ. माझ्या हाताची करून घेऊ. ती नाही तर मी वापरीन. राग होता त्यात, कबूल.

८ ऑक्टो., बुध.
इंदापूर. हायवेच्या ट्रकांचा आवाज दुकानात पण येतो. तात्या सत्तरीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. पेटी उघडली. पिस्तुलाकडं बघितलंच नाही, दोन स्क्रू काढून मूठ तेवढी हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली.
"कुनाची ही?"
"माझी."
"खोटं बोलतुयास. डाव्या हाताची हाय, अन् तुज्या पंज्यापरीस बारीक. माप कसं घितलं?"
"कागदावर. पंजा ठेवून."
तात्या हसले. "उघड्या पंज्यानं खुरपं कोन धरतंय? हात मिटला की येगळाच हुतो. हाडं फिरत्यात, मास सरकतं. मुठीचं माप मूठ मिटूनच घ्यायाचं. अन् त्याला मानूस म्होरं लागतंय."
मागं फळीवर दाखवलं. ओळीनं पांढरे-पिवळे गोळे. प्रत्येकावर चार बोटांच्या खाचा, खाली पेन्सिलीनं नाव. मीठ घालून मळलेली कणीक, तिच्यात मूठ दाबून घ्यायची, मग सावलीत वाळवायची. मिठानं कीड लागत नाही. शेवंता, कळंब. रुक्मिणी, वडापुरी. हौसा म्हातारी. वीसेक मुठी, सगळ्या मिटलेल्या.
शेवटून दुसरी: सायली, बारामती.
(लिहिलं नाव. राहू दे.)
मी विचारलं, ही कधीची. तात्या म्हणाले, "श्रावनातली. नातू घिऊन आला, निखिल. बारामतीला नेमबाजी शिकतुया न्हवं. पोरीचा हात सोलतुया म्हनला, पिस्तुलाची मूठ करून द्या. म्हनलं, मला पिस्तूल कळत न्हाय, हात कळतुया. कनीक म्याच मळून दिली त्याला."
पांढरा गोळा. 'दाब, अजून जोरात दाब.'
मी वाकून तो गोळा बघितला.
करंगळीची खाच उथळ होती, जरा आडवी. लहानपणी मोडलेली असणार. दीड वर्ष रोज बघत होतो, मला नाही कळलं. कणकेला एका दाबात कळलं.
"बसली का मूठ?" मी विचारलं.
"बाभळीची केली. पोरगी सवता दोनदा आली, घासून घासून न्हेली. हितं बसली हुती, तू उभा हायेस तितं."
मग मी म्हटलं, तात्या, ह्याच गोळ्यावरनं ह्या पिस्तुलाला एक करून द्या.
"दीन की. तिला इचारून ये."
"मी पैसे देतो ना! तुम्हाला काय करायचंय?" आवाज चढलाच.
तात्यांनी कानस खाली ठेवली. "पोरा, साचा तिचा हाय. माज्याकडं निस्ता ठेवलाय."
बसमध्ये बसेपर्यंत कळलं नाही की मूठ त्यांच्याकडंच राहिली. पिस्तूल तेवढं पेटीत. मूठ नसलेलं पिस्तूल कसंतरीच दिसतं. नळ, हँडल काढलेला.

१२ ऑक्टो., रवि.
परत इंदापूर. मूठ आणायला गेलो, माफी मागायला गेलो, दोन्ही. तात्यांनी चहा सांगितला.
म्हणाले, "लाकूड झ्याक हाय. हिकडं मिळत न्हाय असलं. काय करायाचं हेचं?"
मी म्हटलं, "खुरप्याची मूठ निघेल का?"
त्यांनी उलटीपालटी करून बघितली. "येक निगंल. कुनाची?"
"आईची."
"मग तिची मूठ आन."

१३ ऑक्टो., सोम.
कणीक मळली. मीठ घालून. आई चुलीपाशी.
"आई, हात दे."
"का?"
"माप पाहिजे. देतीस का?"
"लगीन ठरलं का काय कुठं, हात मागत फिरतुयास?" एकटीच हसत सुटली. मग म्हणाली, "हात धुतलं न्हाईत, शेनाचं हायेत." म्हटलं असू दे. तरी धुऊन आली. पदराला पुसून उजवा हात पुढं केला.
"दाब. अजून जोरात दाब."
दाबताना ती माझ्याकडं बघत होती. मी गोळ्याकडं. तिच्या मधल्या बोटाची खाच सगळ्यांत खोल. चिंधीची सवय.
विचारायला किती वेळ लागतो? कणीक मळण्यासकट पंधरा मिनिटं.

२९ ऑक्टो., बुध.
खुरपं आलं. आईनं हातात घेतलं नाही, म्हणाली खाली ठेव. ठेवलं. तिनं उचललं, मूठ आवळली, रानात गेली. संध्याकाळी आली तेव्हा एवढंच बोलली, "हात दुकला न्हाय आज."
आबांनी मुठीवरनं बोट फिरवलं. "बुलटवर बसल्यावानी वाटतंय का ग?"
टोमणा माझ्यासाठी होता. लागला, पण बरा लागला. मग पहिल्यांदाच म्हणाले, "कॉलेजात इचार तरी. घेत्यात का परत."
बघू म्हटलं.

१४ नोव्हें., शुक्र.
सरांना फोन केला. "सर, रविवारी येऊ का?"
सर म्हणाले, "दार उघडं आहे. लाइन नाही."
"लाइनवर नाही येत. दोन वस्तू ठेवायच्यात."
"ती असेल."
"मला तिला काही द्यायचं नाही, सर."
हे वाक्य आरशापुढं म्हणून बघितलं होतं. फोनवर खरंच तसं वाटलं.

१६ नोव्हें., रवि.
खाली लग्न होतं. बँड. वर रेंजमध्ये नेहमीचं फट्... फट्... मध्ये गप्प.
सर टेबलाशी. ती तीन नंबरला, पाठमोरी, उजवा हात खिशात. डाव्या हातात क्लबचं तेच जुनं पिस्तूल, खाली बाभळीची मूठ. लालसर, ओबडधोबड. बोटं कुठं संपतात आणि लाकूड कुठं सुरू होतं कळत नव्हतं.
मी कपाटातली फाइल काढली. कागद जिथला तिथं लावला. घडीची रेघ राहिली, ती जाणार नाही. सर बघत होते.
मग पेटी उघडली. पिस्तूल रिकामं, ते दिसावं म्हणून नळीतनं नारिंगी दोरी घातलेली, नळीचं तोंड टारगेटकडं. टेबलावर ठेवलं. मूठ नसलेलं. नुसतं लोखंड आणि दोन स्क्रू.
सर हळूच म्हणाले, "कुणाला देतोयस?"
"कुणाला नाही. खाली ठेवतोय. ज्याला लागेल तो उचलेल. मूठ ज्यानं त्यानं आपली करून घ्यावी. इंदापूरला तात्या आहेत."
सरांनी चष्मा काढला, पुसला. "तुझ्या सहा महिन्यांतले साडेतीन झाले. मोजतोय मी."
तेवढ्यात सा.नं हात वर घेतला. माझा आवाज तिनं ऐकला होता, ऐकलाच असणार, खोली केवढी. हात वर राहिला. राहिला. मग गोळी न सोडता खाली आला. ती वळली नाही. लाइनवर असताना वळायचं नसतं, ते तिला पहिल्यापासून येतं. पण खांदे तसेच वर होते. टेबलावर काय ठेवलंय ते तिला दिसत नव्हतं. की नेमबाजीच्या चष्म्याच्या काचेत दिसत होतं?
सॉरी म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं. तिच्या फेरीचा वेळ चालू होता.
मी मागं मागं सरकत दारापर्यंत आलो. ऑगस्टमध्ये माझ्यामुळं पडला होता तो फळा परत भिंतीवर टांगलेला, वरच्या कोपऱ्यात चीर. तिच्या नावापुढं आजचे आकडे, शेवटचा रकाना रिकामा.
तिनं परत हात वर घेतला. मी कडी धरून थांबलो. फट्.
मग, पुढचा छर्रा भरायच्या आत, बाहेर पडलो आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.